लिहायला फुकट, तपासायला फुकट, वाचायला महाग: शोधनिबंधांचा उलटा बाजार

पुण्यातल्या एखाद्या सरकारी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ डोळ्यासमोर आणा. पगार सरकारचा, यंत्रं सरकारची, रसायनं सरकारी अनुदानातली. तीन-चार वर्षं खपून तो एक शोधनिबंध लिहितो आणि नावाजलेल्या जर्नलकडे पाठवतो. लिहिल्याबद्दल त्याला दमडीही मिळत नाही, आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. जर्नलचा संपादक बहुतेकदा कुठल्यातरी विद्यापीठातला प्राध्यापकच असतो. तो हा निबंध त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना तपासायला देतो. हे लोक आपली कामं उरकून रात्री किंवा रविवारी तो वाचतात, प्रश्न काढतात, शेरे लिहितात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणायचं, आणि त्याचेही पैसे मिळत नाहीत. मग दुरुस्त्या, पुन्हा पाठवणं, पुन्हा शेरे. यात सहा महिने जातात, कधी वर्ष. शेवटी 'स्वीकारला' असा ईमेल येतो आणि त्याच्या मागोमाग एक फॉर्म: या लेखाचे हक्क मी प्रकाशकाला देत आहे. सही केली की लेख प्रकाशकाचा.

आता तोच लेख वाचायचा तर त्या शास्त्रज्ञाच्याच संस्थेचं ग्रंथालय त्या प्रकाशकाला वर्गणी भरतं. तीही सरकारी पैशातून. गावच्या विहिरीचं पाणी टँकरमध्ये भरायचं आणि गावालाच विकायचं, तशातला प्रकार. टँकरवाल्याला निदान डिझेल तरी जाळावं लागतं.

प्रकाशक काहीच करत नाही असं मात्र नाही. मजकुराची मांडणी, तपासणीची यंत्रणा चालवणं, वेबसाइट, जुने अंक जपून ठेवणं, प्रत्येक लेखाला कायमचा ओळखक्रमांक देणं, ही कामं खरी आहेत आणि त्यांना खर्च येतो. प्रश्न त्या खर्चाचा नाही, त्यावर लागणाऱ्या किमतीचा आहे. सगळ्यात मोठा प्रकाशक एल्सेव्हिअर. या धंद्यात त्याचं नफ्याचं प्रमाण कित्येक वर्षं ३७-३८ टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. म्हणजे शंभर रुपयांची विक्री झाली की अडतीसच्या घरात नफा. लेखक फुकट, तपासनीस फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेलं, मग दुसरं काय होणार?

हे गिऱ्हाईक बांधलं कसं गेलं, ते आधी बघू.

विद्वत्सभेकडून कंपनीकडे

१६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं. त्याच्या दोनेक महिने आधी पॅरिसमध्येही असंच एक नियतकालिक निघालं होतं. तोवर विद्वान एकमेकांना पत्रं लिहून आपले शोध कळवत. ओल्डेनबर्गने ती पत्रं छापायला काढली. चार पैसे सुटतील अशी त्याची आशा होती, पण फारसं काही सुटलं नाही. पुढची जवळपास तीनशे वर्षं जर्नल चालवणं हा मुख्यतः विद्वत्सभांचा आणि संस्थांचा उद्योग राहिला, आणि बहुधा आतबट्ट्याचाच.

आपल्याकडेही तसंच होतं. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये आपल्या शोधाची सविस्तर मांडणी कलकत्त्याच्या 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये छापली आणि तिच्या प्रती जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना टपालाने धाडल्या. दोन वर्षांत नोबेल मिळालं. लेख देशी जर्नलमध्ये आला म्हणून काही बिघडलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. सरकारं विज्ञानावर पैसा ओतू लागली, संशोधक वाढले, विषयांना फाटे फुटले आणि विद्वत्सभांची छोटी छापखानी व्यवस्था अपुरी पडू लागली. ही पोकळी कुणी हेरली असेल तर रॉबर्ट मॅक्सवेलने. १९५१ मध्ये त्याने पर्गमॉन प्रेस उभी केली आणि नव्या-नव्या उपविषयांची जर्नलं काढण्याचा सपाटा लावला. त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. साबण महाग झाला तर माणूस दुसऱ्या कंपनीचा घेतो, पण एका जर्नलमधला लेख दुसऱ्या जर्नलमध्ये मिळत नाही. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला अमुक जर्नल हवं म्हणजे तेच हवं. शिवाय जर्नल मागतो प्राध्यापक आणि पैसे भरतं ग्रंथालय. मागणाऱ्याला किमतीशी देणंघेणं नाही आणि भरणाऱ्याला निवडीचा अधिकार नाही. अशा बाजारात किंमत वाढवायला कुणाला विचारावं लागत नाही.

१९९१ मध्ये मॅक्सवेलने पर्गमॉन ४४ कोटी पौंडांना एल्सेव्हिअरला विकली. त्याच वर्षी तो आपल्या बोटीवरून समुद्रात पडून मेला, आणि मग त्याने कामगारांच्या पेन्शन फंडात केवढं भगदाड पाडलं होतं ते उघड झालं. तो वेगळाच किस्सा.

इंटरनेट आल्यावर छपाई आणि टपालाचा खर्च गेला. किमती उतरतील असं वाटणं साहजिक होतं. उलट प्रकाशकांनी गठ्ठे बांधले: शेकडो, हजारो जर्नलं एका करारात. त्यातली निम्मी तुम्हाला नको असतील, पण सुटी घ्यायला गेलात तर हवी असलेलीच गठ्ठ्याइतकी महाग पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हिअरशी करार मोडला, तेव्हा कुठे मोठ्या गिऱ्हाइकालाही 'नाही' म्हणता येतं हे दिसलं. नवा करार व्हायला २०२१ चा मार्च उजाडला. एवढी ताकद नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या एकट्या विद्यापीठाकडे कुठून असणार?

मागच्या दाराने आत

ज्याच्या कॉलेजात वर्गणी नाही, त्याने काय करायचं? एक लेख सुटा घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर मोजायचे. पीएचडीच्या एका प्रकरणासाठी शंभर लेख चाळावे लागतात. म्हणून लोक 'साय-हब'वर जायचे. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ मध्ये सुरू केलेली ही साइट प्रकाशकांच्या कुंपणाआडचे कोट्यवधी लेख कुणालाही फुकट देते. कायद्याने ही चोरीच. तरीही भारतातल्या संशोधकांत ती किती वापरली जायची हे कुठल्याही प्रयोगशाळेत खासगीत विचारा. आपल्या शोधनिबंधाची स्वतःची प्रतसुद्धा तिथूनच उतरवून घेणारे लोक आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात साय-हबविरुद्ध दावा लावला. भारतातले शास्त्रज्ञ आपलं म्हणणं मांडायला कोर्टात गेले: आमचं काम याच्यावाचून अडतं. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ही साइट देशात बंद करण्याचा आदेश दिला.

त्याआधीच सरकारने पुढचं दार उघडलं होतं. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था आणि पावणेदोन कोटींहून जास्त विद्यार्थी-शिक्षक-संशोधक. कारभार विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे. गडचिरोलीच्या सरकारी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला आणि मुंबई आयआयटीतल्या विद्यार्थ्याला एकच खजिना उघडा होणं ही लहान गोष्ट नाही, हे कबूल करायलाच हवं. पण खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. आणि वर्षाला २,००० कोटी रुपये त्याच जुन्या दुकानांत जात आहेत. आधी प्रत्येक संस्था वेगवेगळी भरत होती, आता सगळ्यांच्या वतीने एकाने भरायचे, एवढाच फरक. घाऊक खरेदीत भाव कमी पडतो हे खरं, पण दुकान बदललेलं नाही.

पैसे कोण देतो, त्यावर सगळं

यावर तोडगा म्हणून पंचवीसेक वर्षांपूर्वी मुक्त प्रवेशाची, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेसची चळवळ उभी राहिली. २००२ मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला: संशोधन सगळ्यांना फुकट वाचायला मिळालं पाहिजे. कल्पना उत्तमच. पण खर्च कुणी करायचा? उत्तर निघालं की लेख छापून येताना लेखकाने, म्हणजे त्याच्या संस्थेने किंवा अनुदान देणाऱ्याने, एकरकमी शुल्क भरायचं. याला एपीसी म्हणतात. वाचक मोकळा, लेखक बांधलेला.

'नेचर'ने २०२१ पासून हा मार्ग खुला केला तेव्हा एका लेखाचं शुल्क होतं ९,५०० युरो. त्यावेळच्या दराने आठ लाख रुपयांच्या वर. एका पीएचडी विद्यार्थ्याची दीड-दोन वर्षांची फेलोशिप एका लेखात संपते. गरीब देशांतल्या लेखकांना जी माफी मिळते तिच्या यादीत भारत बहुतेक ठिकाणी बसत नाही. पूर्वी आपल्याला वाचता येत नव्हतं, आता छापता येत नाही.

या बदलात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ तिथे आहे. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलला नकार देणं परवडतं. चार वाईट लेख छापले तर नाव जातं आणि वर्गणीदार जातो. लेखामागे पैसे घेणाऱ्या प्रकाशकाला मात्र प्रत्येक नकार म्हणजे बुडालेलं उत्पन्न. तपासनीस शोधा, त्यांच्या मागे लागा, शेरे गोळा करा आणि शेवटी लेख नाकारा, म्हणजे खर्च झाला आणि हाती काही आलं नाही. चांगली संस्था हा मोह आवरते. सगळ्यांकडून ती अपेक्षा कशी ठेवणार?

ज्यांनी मोह आवरला नाही, त्यांचे मेसेज आज प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत असतात. साधारण असे: 'कॉल फॉर पेपर्स. इंटरनॅशनल मल्टिडिसिप्लिनरी पीअर रिव्ह्यूड जर्नल. आयएसएसएन मान्यताप्राप्त. इम्पॅक्ट फॅक्टर ७.८. सर्व विषय, मराठी-हिंदी-इंग्रजी. २४ तासांत स्वीकृतिपत्र, तीन दिवसांत प्रकाशन. फी १,५०० रुपये, ई-सर्टिफिकेटसह.'

हा मेसेज जरा सावकाश वाचू, कारण अख्खा धंदा त्यात मावलेला आहे. 'आयएसएसएन मान्यताप्राप्त' ही मान्यताच नव्हे. आयएसएसएन हा आठ अंकी ओळखक्रमांक. नियतकालिक काढणाऱ्याने अर्ज केला की तो मिळतो, भारतात त्याला पैसेही पडत नाहीत. आत काय छापलं आहे याच्याशी त्या क्रमांकाचा काही संबंध नाही. 'मल्टिडिसिप्लिनरी, सर्व विषय' म्हणजे एकाच अंकात मृदारसायन, संत जनाबाई आणि जीएसटी. या तिन्हींचे जाणकार एका संपादकाकडे कुठून येणार? '२४ तासांत स्वीकृतिपत्र' म्हणजे कुणीही काही वाचलेलं नाही. खऱ्या तपासणीत पहिल्या तपासनिसाचा होकार मिळायलाच आठवडा जातो.

राहिला इम्पॅक्ट फॅक्टर. त्याचा खरा हिशेब सोपा आहे. एखाद्या जर्नलने २०२३ आणि २०२४ मिळून १०० लेख छापले आणि २०२५ मध्ये इतरांनी आपल्या लेखांत त्यांचा ३०० वेळा संदर्भ दिला, तर २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३. ही मोजणी यूजीन गारफिल्ड यांच्या संस्थेने सुरू केली, आज ती क्लॅरिव्हेट ही कंपनी करते. दुसरं कुणी या नावाने आकडा देत असेल तर तो विकत मिळालेला समजावा, आणि तसे आकडे विकणारी दुकानंही आहेत. शिवाय हा आकडा जर्नलचा आहे, लेखाचा नाही आणि लेखकाचा तर नाहीच. नावाजलेल्या जर्नलमध्येही मोजके लेख खूप संदर्भ खेचतात आणि बाकीच्यांना कुणी विचारत नाही. ग्रंथपालाला जर्नलं निवडायला मदत व्हावी म्हणून काढलेलं माप माणसांच्या बढत्यांना लावलं गेलं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी याविरुद्ध घोषणापत्रच काढलं. आपल्याकडचे मुलाखतीचे फॉर्म मात्र अजून तोच रकाना भरून मागतात.

असल्या जर्नलांना 'प्रेडेटरी' हे नाव कोलोरॅडो विद्यापीठातले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्ये दिलं. हा शब्द मला पूर्ण पटत नाही. शिकारी म्हटलं की समोर भाबडं सावज असल्यासारखं वाटतं, आणि इथलं सावज पुष्कळदा समजून-उमजून पैसे भरतं. का भरतं ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत सापडेल. २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निदान एक शोधनिबंध छापणं सक्तीचं केलं. २०१० मध्ये एपीआय नावाची गुणमोजणी आली: पेपरला इतके गुण, चर्चासत्राला इतके, पुस्तकातल्या प्रकरणाला इतके. बढतीची फाइल या गुणांवर हलणार. तालुक्याच्या कॉलेजात आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवणारा, परीक्षेचं आणि निवडणुकीचं काम उरकणारा, प्रयोगशाळा किंवा धड ग्रंथालय नसलेला प्राध्यापक वर्षाला दोन पेपर आणणार कुठून? तो पंधराशे रुपये भरतो. कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाइल पुढे सरकते, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यात कॉलेजचा एक पेपर वाढतो, प्रकाशकाचं दुकान चालतं. नाराज कुणीच नाही. फक्त तो पेपर कुणी वाचत नाही.

या प्रकाराचा माग काढण्यात पुणे विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची भलीमोठी यादी काढली होती, तीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावं होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यांतली काही नावं यदृच्छेने निवडून तपासली. पत्ता, संपादक मंडळ, शुल्काची माहिती असल्या प्राथमिक गोष्टी लावून पाहिल्यावर तपासलेल्या १,००९ जर्नलांपैकी टिकली फक्त ११२. हा अभ्यास मार्च २०१८ मध्ये बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये आला. मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून काढली, आणि नव्याने यादी करण्याचं काम पुणे विद्यापीठातच उभ्या राहिलेल्या केंद्राकडे गेलं. तीच 'यूजीसी केअर'. मग काही वर्षं राज्यभर एकच प्रश्न ऐकू यायचा: 'केअरमध्ये आहे का?' केअरमधल्या जर्नलांच्या नावाच्या हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या, त्यांनी पैसे घेऊन पेपर छापले, आणि अस्सल जर्नलला पत्ताही नाही. यूजीसीने २०२२ मध्ये पीएचडीसाठीची पेपरसक्ती उठवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीच बंद केली. आता जर्नल निवडायचं कसं ते प्रत्येक विद्यापीठाने आपापलं ठरवायचं. दिल्लीतली डोकेदुखी गावोगाव वाटून दिली, असं याचं वर्णन करता येईल.

हे केवळ आपल्याकडचं नाही, पण आपला वाटा नजरेत भरण्याइतका आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकाच्या जॉन बोहॅनन यांनी ढळढळीत चुका असलेला बनावट पेपर तयार करून ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी तो घेतला. त्या ३०४ पैकी जवळपास तिसरा हिस्सा भारतातून चालणाऱ्यांचा होता. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला तर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने लेखकांची फसवणूक केल्याबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

मोठ्या घरचे पोकळ वासे

छोटी दुकानं फसवी आणि मोठ्या पेढ्या चोख, असं मात्र समजू नका. अमेरिकेतली वायली ही दोनशे वर्षं जुनी कंपनी. २०२१ मध्ये तिने हिंदावी हा ओपन अ‍ॅक्सेस प्रकाशक जवळपास ३० कोटी डॉलरना विकत घेतला. हिंदावीचा भर विशेषांकांवर होता: पाहुणा संपादक नेमायचा, त्याने आपल्या ओळखीचे लेख गोळा करायचे. तिथे पेपर मिल घुसल्या. पेपर मिल म्हणजे मागणीनुसार बनावट शोधनिबंध तयार करून लेखकाची जागा विकणारे कारखाने. पहिल्या लेखकाचा भाव वेगळा, तिसऱ्याचा वेगळा. पाहुणा संपादकही त्यांचाच, तपासनीसही त्यांचेच. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले, त्यात आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावीचे. शेवटी वायलीने हिंदावी हे नावच पुसून टाकलं.

हे बनावट लेख पकडले जातात कसे, त्यात एक गंमत आहे. दुसऱ्याचा मजकूर उचलला की साहित्यचोरी शोधणारं सॉफ्टवेअर पकडतं, म्हणून हे लोक शब्द बदलणाऱ्या यंत्रातून तो काढतात. यंत्राला अर्थ कळत नाही. मग 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे नकली जाणीव. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं होतं 'बूझम पेरिल', म्हणजे उराला धोका. 'बिग डेटा'ची होते 'कलॉसल इन्फर्मेशन', अवाढव्य माहिती. फ्रान्समधले गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे पिळवटलेले शब्दप्रयोग गोळा करून हजारो संशयित पेपर हुडकले. त्यातले कित्येक नामांकित प्रकाशकांच्या जर्नलांत, रीतसर तपासणी होऊन आलेले. ज्या तपासनिसाने 'उराला धोका' वाचूनही मान डोलावली, त्याने वाचलं तरी होतं का?

आता चॅटजीपीटीसारख्या साधनांनी तेवढेही कष्ट वाचवले आहेत. मार्च २०२४ मध्ये एल्सेव्हिअरच्या एका जर्नलमधला बॅटरीवरचा पेपर गाजला. त्याच्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्य होतं: 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना.' चॅटबॉटचं उत्तर जसंच्या तसं. लेखक, सहलेखक, तपासनीस, संपादक, मुद्रितशोधक, एवढ्या डोळ्यांखालून ते वाक्य छापापर्यंत गेलं. पुढे तो पेपर मागे घेतला गेला.

पीअर रिव्ह्यू निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. तो मुळात लबाडी पकडायला बनवलेलाच नाही. मांडणीतली चूक, राहून गेलेला संदर्भ, ओढूनताणून काढलेला निष्कर्ष हे तपासनिसाला दिसतं. मूळ आकडेच खोटे असतील तर ते त्याला दिसत नाहीत, कारण सहसा ते त्याच्यापुढे नसतातच. कोरोनाच्या काळात, २२ मे २०२० ला 'द लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला: ६७१ रुग्णालयांतल्या ९६,००० रुग्णांच्या नोंदींवरून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मलेरियावरचं औषध कोरोनाच्या रुग्णांना घातक ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने तीन दिवसांत त्या औषधाच्या चाचण्या थांबवल्या. भारतात तर तेव्हा हे औषध आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून दिलं जात होतं. मग कुणीतरी ऑस्ट्रेलियाचे आकडे ताडून पाहिले. पेपरात तिथल्या पाच रुग्णालयांत मिळून ७३ मृत्यू, आणि त्याच तारखेपर्यंत अख्ख्या देशात नोंदलेले ६७. माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ नोंदी दाखवायला नकार दिला. ४ जूनला पेपर मागे. औषध पुढे इतर चाचण्यांतही उपयोगी ठरलं नाही, पण म्हणून हा पेपर खरा होत नाही. पकडलं कुणी? छापून आल्यावर वाचणाऱ्यांनी.

मागे घेतलेल्या पेपरांकडे आपण कलंक म्हणून बघतो. मला ते उलट वाटतं. चूक निघाली, ती जाहीर झाली, हे निरोगी लक्षण. लाज वाटायला हवी ती जे कधी तपासलेच गेले नाहीत त्यांची.

वाटा आहेत, सोप्या नाहीत

भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांनी फार पूर्वी वेगळी वाट काढली. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये एक साधी सोय केली: पेपर लिहून झाला की छापून येण्याची वाट न बघता तिथे टाकायचा, कुणीही वाचावा. तेच 'अर्काइव्ह'. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमान यांनी पॉइंकारे अनुमान या गणितातल्या प्रसिद्ध कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये फक्त तिथे टाकली, कुठल्याही जर्नलला पाठवलीच नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ती वर्षानुवर्षं ओळीओळीने तपासली. छपाई आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून स्वच्छ कुठे दिसणार? अर्थात वैद्यकात हे जपून करायला हवं. न तपासलेला पेपर गणितात कुणाला इजा करत नाही, औषधाबद्दलचा करू शकतो. वर्तमानपत्रात 'संशोधनातून सिद्ध' असं वाचलं की तो पेपर छापून आलेला आहे की नुसता टाकलेला, किती जणांवर केलेला आहे आणि मागे तर घेतलेला नाही ना, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी वाट संपादकांच्या बंडाची. २०२३ मध्ये एल्सेव्हिअरच्या 'न्यूरोइमेज' या मेंदूच्या प्रतिमांवरच्या जर्नलच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. लेखामागचं ३,४५० डॉलर शुल्क त्यांना अनैतिक वाटत होतं. त्यांनी त्याच विषयाचं नवं ना-नफा जर्नल काढलं. प्रकाशकाकडे नाव राहिलं, माणसं गेली.

तिसरी वाट लॅटिन अमेरिकेची. ब्राझीलमध्ये १९९७-९८ पासून 'सायेलो' नावाच्या सार्वजनिक व्यवस्थेत विद्यापीठांची जर्नलं एकत्र चालतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधलं संशोधनही तिथे मानाने छापलं जातं. वाचकाला पैसे पडत नाहीत, आणि लेखकाला बहुतेक ठिकाणी पडत नाहीत किंवा अगदी थोडे पडतात. आपल्याकडे हे का होऊ नये, असं मला मराठीबद्दल विशेष वाटतं. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाची पत्रिका, मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' ही काही कालची नावं नव्हेत. पण स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत शिरायचं तर निदान शीर्षक आणि गोषवारा इंग्रजीत हवा, अंक ठरल्या दिवशी निघायला हवा, वेबसाइट हवी, आणि या सगळ्याला माणूस हवा. वर्गणीदारांच्या जोरावर चालणाऱ्या त्रैमासिकाकडे तो नसतो. एखाद्या मोडी कागदावर दहा वर्षं घालवणाऱ्याचा लेख मग गुणमोजणीत शून्य ठरतो, आणि २४ तासांत स्वीकारलेल्या पेपरला गुण मिळतात. वर्षाकाठी दोन हजार कोटींच्या वर्गणीतला एक टक्का, म्हणजे वीस कोटी, भारतीय भाषांतल्या अशा नियतकालिकांच्या तांत्रिक व्यवस्थेला दिले तर किती काम होईल याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

थोडी हालचाल आहे. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांच्या २०२५ च्या एनआयआरएफ क्रमवारीत पहिल्यांदाच मागे घेतलेल्या पेपरांसाठी संस्थांचे गुण कापले गेले. वन नेशन योजनेत लेखकांच्या शुल्कासाठी वर्षाला १५० कोटी रुपये वेगळे ठेवले आहेत. हा पैसा भाव पाडून घेण्यासाठी वापरला जातो की मुकाट्याने बिलं भागवण्यासाठी, ते बघायचं. प्रकाशकांशी झालेले करार २०२७ च्या डिसेंबरात संपतात. त्याआधी पुन्हा बोलणी होतील, आणि भारत तेव्हा नुसता मोठा गिऱ्हाईक म्हणून बसेल की सर्वांत जास्त पेपर लिहिणाऱ्या देशांपैकी एक म्हणून, हे टेबलावर कोण बसतं त्यावर अवलंबून आहे. ग्रंथपाल आणि संशोधक त्या खोलीत असतील का, हे विचारायला अजून वेळ आहे.